तुयोक : पाण्याच्या धारेवरचे गाव

आपल्याकडे वळवाची एक चांगली सर आली तर तासाभरात जेवढा पाऊस पडेल, तेवढा तुर्फानमध्ये अख्ख्या वर्षात पडतो. वार्षिक सरासरी जेमतेम १६ मिलिमीटर. चीनच्या शिनज्यांग प्रांतातले हे खोरे समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले आहे. त्याच्या तळाशी असलेले आयदिंगकोल सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १५४ मीटर खाली, आणि त्याचाही बराचसा भाग आता मिठाचा कोरडा थर. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. इथे माणसाने वस्ती का केली असेल, असा प्रश्न नकाशा पाहणाऱ्या कोणालाही पडावा. तरीही या खोऱ्यात माणूस किमान तीन हजार वर्षे नांदतो आहे. ते कसे, हे समजून घ्यायला तुर्फान शहरापेक्षा त्याच्या पूर्वेला साधारण ७० किलोमीटरवर, डोंगराच्या घळीत बसलेले तुयोक नावाचे उइघुर गाव बरे.

तुर्फानहून मोटारीने निघाले की डाव्या हाताला ज्वाला पर्वताची रांग सोबत करते. लाल वालुकाश्माची, गवताची काडी नसलेली, सुमारे शंभर किलोमीटर लांब. वारा-पाण्याने तिच्या उतारावर अशा उभ्या वळ्या पाडल्या आहेत की दुपारच्या झळांमध्ये त्या खरोखर हलताना दिसतात. सोळाव्या शतकातल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीत माकडराजा सुन वुखोंग याच डोंगराची आग विझवायला पंखा मिळवतो. रांगेत मधूनमधून घळी आहेत. तुयोकच्या घळीत वळले की आधी पॉप्लरची झाडे दिसतात, मग द्राक्षांचे मळे, आणि मग डोंगराच्याच मातीची, डोंगराच्याच रंगाची घरे.

या घळीत पाणी कुठून आले, ही खरी गोष्ट आहे. तुर्फानच्या उत्तरेला तियानशानची बर्फाच्छादित शिखरे आहेत. तिथले वितळलेले पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांच्या जाड थरात मुरते आणि जमिनीखालून दक्षिणेकडे वाहू लागते. वाटेत ज्वाला पर्वताचा घट्ट खडक बांधासारखा आडवा येतो. पाणी अडते, फुगते, डोंगराच्या उत्तर बाजूला झऱ्यांच्या रूपाने वर येते आणि घळी कोरत दक्षिणेला निघते. तुयोकच्या घळीच्या वरच्या तोंडाशी सुबेशी नावाची वस्ती आहे. उइघुर भाषेत ‘सु’ म्हणजे पाणी आणि ‘बाश’ म्हणजे डोके; सुबेशी म्हणजे पाण्याचा उगम. गावाच्या नावातच त्याचा भूगोल आहे.

आणि इतिहासही इथूनच सुरू होतो. सुबेशीच्या थडग्यांत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, भरडधान्याच्या पिठाच्या शेवया सापडल्या. कोरड्या हवेने त्या तशाच राखल्या होत्या. तुयोकच्या हद्दीतल्या यांगहाय दफनभूमीत लोकरीची विजार मिळाली, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची. जगात आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या विजारींमध्ये तिची गणना होते. घोड्यावर मांड टाकणाऱ्या माणसाची ती गरज होती. त्याच दफनभूमीत द्राक्षवेलीचा एक तुकडाही मिळाला, दोन हजार वर्षांहून जुना. ज्या घळीत आज वेलींचे मांडव आहेत, तिथे वेल बुद्धाच्या मूर्तीच्याही आधी आली होती.

द्राक्षांपाशी थोडे थांबायला हवे, कारण तुयोकचे पोट त्यांवरच चालते. गावाच्या वरच्या अंगाला, उघड्या टेकाडावर, मातीच्या विटांच्या आयताकृती खोल्या दिसतात. भिंतींत एकाआड एक वीट सोडलेली, त्यामुळे सगळी भिंत जाळीची. हे ‘चुंचे’, म्हणजे बेदाण्याचे घर. आत छतापासून जमिनीपर्यंत लाकडी दांडे टांगलेले असतात, त्यांना काट्या-फांद्या बांधलेल्या, आणि प्रत्येक फांदीवर घड अडकवलेले. ऊन आत येत नाही; येतो तो वाळवंटाचा तापलेला कोरडा वारा. महिना-सव्वा महिन्यात घड सुकतात आणि सावलीत सुकल्यामुळे हिरवे राहतात. आपल्याकडे तासगाव-सांगलीच्या बाजूलाही बेदाणा शेडमध्ये, सावलीतच करतात. पण आपली हवा तितकी कोरडी नाही, म्हणून घड आधी द्रावणात बुडवावे लागतात. त्याने सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतले पाणी लवकर सुटते. तुर्फानात हे काम वारा एकटा करतो. तासगावच्या बागाईतदाराला चुंचेत उभे केले तर त्याला काहीही समजावून सांगावे लागणार नाही.

घरेही त्याच उन्हाशी जमवून घेतलेली. जाड मातीच्या भिंती, खालची खोली अर्धी जमिनीत, पॉप्लरच्या वाशांवर माती लिंपलेले सपाट छत, अंगणात वेलीचा मांडव आणि मांडवाखाली मोठी लाकडी बाज. उन्हाळ्यात रात्री सगळे घर त्या बाजेवर झोपते. वास्तू म्हणून त्यात थाटमाट काही नाही, आणि मला तरी या गावाची सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

घळीच्या दोन्ही अंगांना, जिथे पायवाट अरुंद होते, तिथे लेणी आहेत. तुर्फानच्या खोऱ्यातली ही सर्वांत जुनी बौद्ध लेणी. पाचव्या शतकात इथे भरभराट झाली. चीनच्या गान्सू भागातले उत्तर ल्यांग घराणे पडल्यावर त्याचे वारस पळून या खोऱ्यात आले आणि ४४२ ते ४६० पर्यंत जवळच्या गाओचांग नगरीतून राज्य करत राहिले. घराणे निष्ठावान बौद्ध होते. राजाश्रय, जवळ व्यापारी शहर, घळीत पाणी आणि एकांत : भिक्षूंना आणखी काय हवे? वाघोराच्या वळणावर अजिंठा कोरणाऱ्यांनीही असाच हिशेब केला होता. व्यापारी मार्गापासून फार दूर नाही, पण बाजाराचा गोंगाट ऐकू येणार नाही इतके आत. डोंगर कोरून विहार करण्याची ही रीत भारतातून अफगाणिस्तानमार्गे, कुचाजवळच्या किझिलवरून या भागात पोहोचली आणि गान्सूतल्या दुन्हुआंगपर्यंत गेली.

फरक खडकाचा. आपला बेसॉल्ट कठीण. त्यात छिन्नीने कोरलेली मूर्ती दोन हजार वर्षे टिकते. तुयोकचा डोंगर ठिसूळ, बोटाने खरवडावा असा. म्हणून इथली गुहा अर्धी कोरलेली आणि अर्धी कच्च्या विटांनी बांधलेली असते. भिंतीला आधी भुसा कालवलेल्या मातीचा जाड लेप, त्यावर बारीक पांढरा थर, मग रंग. मूर्तीही दगडाची नाही, लाकूड-गवताच्या सांगाड्यावर थापलेल्या मातीची. इथली कला मातीची होती आणि मातीइतकीच नाजूक.

आज क्रमांक दिलेल्या गुहा चाळीसहून अधिक आहेत, पण चित्रे उरली आहेत ती मोजक्याच गुहांत. तीही तुकड्यांत. काही भिंतींवर जातककथा आहेत. काहींवर मात्र असे काही आहे जे इतरत्र क्वचितच दिसते. चौकटी-चौकटींत एकेक भिक्षू बसलेला, आणि त्याच्यासमोर तो मनात जे पाहतो आहे ते : रत्नांचे झाड, कमळांचे तळे, ज्वाला. एखाद्या चौकटीत कुजणारे शव किंवा हाडांचा सापळा. ही उपदेशाची चित्रे नव्हेत, ध्यानाची आहेत. पाली परंपरेत ज्याला अशुभ-भावना म्हणतात, म्हणजे देहाची आसक्ती सुटावी म्हणून प्रेताचे चिंतन, ती इथे पश्चिमेच्या सुखावती स्वर्गाच्या चिंतनाशेजारी रंगवली आहे. शेजारच्या खोपट्यात बसलेला साधक आधी ही भिंत पाहत असेल, मग डोळे मिटत असेल. बाहेर पाण्याचा आवाज. तांग काळातल्या एका चिनी भूवर्णनात याच घळीतल्या विहाराचा उल्लेख आहे. कड्याला टेकून उभी मंदिरे, खाली ओढा, वर झाडांची सावली, असे त्याचे वर्णन केले आहे. त्या हस्तलिखिताचा तुकडा दुन्हुआंगच्या गुहेत मिळाला, आज तो पॅरिसला आहे.

तुयोकपासून थोड्याच अंतरावर गाओचांगचे भग्नावशेष पसरलेले आहेत, आणि तिथे घडलेला एक प्रसंग महाराष्ट्राला थेट जोडलेला आहे. ६३० च्या सुमारास चिनी भिक्षू ह्युएन त्संग भारताकडे निघालेला असताना इथे आला. राजा छू वेनताय त्याच्या विद्वत्तेने इतका भारावला की त्याला जाऊच देईना. विनवण्या झाल्या, मग धमक्या झाल्या. ह्युएन त्संगने अन्नपाणी सोडले. तीन दिवसांनी राजा नरमला. महिनाभर प्रवचने करावीत आणि परतताना इथे राहावे, या वचनावर त्याने त्याला सोडले, आणि सोडले ते कसे! सोने, चांदीची नाणी, रेशमाचे ५०० ठाण, ३० घोडे, २५ माणसे आणि वाटेतल्या २४ राज्यांच्या राजांना पत्रे. या शिदोरीशिवाय तो भारतात पोहोचला असता का, याची मला शंका आहे. पुढे दहा-अकरा वर्षांनी हाच प्रवासी दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला. उपकार न विसरणारे आणि अपमान न सोसणारे लोक अशी महाराष्ट्राच्या माणसांची ओळख त्याने लिहून ठेवली, आणि डोंगरातल्या एका भव्य संघारामाचे, बाहेर दगडी हत्ती असलेल्या लेण्याचे वर्णन केले, ते अजिंठ्याचेच मानले जाते. तो परतेपर्यंत मात्र गाओचांगचे राज्य उरले नव्हते. ६४० मध्ये तांग सैन्याने ते जिंकले होते. ज्याला वचन दिले होते, तो राजाच राहिला नव्हता.

उइघुर या खोऱ्यात आले ते त्यानंतर दोन शतकांनी. त्यांचे साम्राज्य मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात होते. तिथे त्यांच्या खानाने आठव्या शतकात इराणी प्रेषित मानीचा पंथ स्वीकारला होता. ८४० मध्ये किरगिझांनी ते साम्राज्य मोडले आणि उइघुरांमधला एक मोठा गट दक्षिणेला उतरला. तंबूत राहणारे लोक तुर्फानात शेतकरी, व्यापारी, लेखनिक झाले आणि हळूहळू बौद्धही. त्यांच्या जुन्या भाषेत धर्माला, म्हणजे बुद्धाच्या शिकवणीला, ‘नोम’ म्हणत. हा शब्द मूळचा ग्रीक ‘नोमोस’. तो समरकंदकडच्या सोग्दी व्यापाऱ्यांच्या तोंडून उइघुरांकडे आला. संस्कृत ‘धर्म’ या कल्पनेला ग्रीक शब्द, तो लिहायचा पश्चिम आशियातून आलेल्या लिपीत, आणि बोलायचा तुर्की वळणाने! हेच उइघुर पुढे चंगीझखानाला शरण गेले, आणि त्यांची लिपी मंगोलांनी उचलली.

इस्लाम इथे उशिरा पोहोचला. काशगरकडचा भाग दहाव्या-अकराव्या शतकातच मुसलमान झाला होता, पण तुर्फानने आणखी चारशे वर्षे बुद्ध सोडला नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटी मुघलिस्तान या मंगोल राज्याचा खान खिज्र ख्वाजा तलवार घेऊन आला. तरी १४२० मध्ये तैमूरपुत्र शाहरुखचे वकील चीनला जाताना तुर्फानवरून गेले, तेव्हा त्यांना शहरात बहुतेक लोक मूर्तिपूजक दिसले आणि मोठे मंदिर नांदते आढळले. म्हणजे एका स्वारीत धर्म बदलला नाही. पंधरावे शतक सरता सरता तो बदलला. तेव्हा ‘उइघुर’ हे नाव बौद्धांशी जोडलेले होते, त्यामुळे नवे मुसलमान स्वतःला नुसते तुर्फानी म्हणू लागले. जुने नाव लोकांनी पुन्हा उचलले ते विसाव्या शतकात.

आता गावाच्या वरच्या उतारावर चला. तिथे एक मजार आहे, आणि त्याच्यामुळे खालच्या वस्तीलाही मजार गाव म्हणतात. हे स्थान ‘असहाब-उल-कहफ’चे, म्हणजे गुहेतल्या सोबत्यांचे. कुराणाच्या अठराव्या सूरेत ही कथा येते. मूर्तिपूजक राजाच्या जाचातून काही तरुण पळून गुहेत लपतात, उंबऱ्यावर त्यांचा कुत्रा पाय पसरून बसतो, आणि ईश्वर त्यांना झोपवतो : ३०० वर्षे आणि वर ९. (सौर ३०० वर्षांची चांद्र वर्षे ३०९ होतात, अधिक महिना ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला हे गणित लगेच पटेल.) त्याआधी हीच कथा ख्रिस्ती जगात इफिससच्या सात निद्रिस्तांची म्हणून सांगितली जात होती. गुहा आमचीच, असे सांगणारी गावे तुर्कस्तानपासून जॉर्डनपर्यंत अनेक आहेत. तुयोकने मात्र कथेत आपला माणूस घातला. इथली कथा अशी की धर्म सांगायला दुरून आलेल्या काही जणांना इथलाच एक मेंढपाळ भेटला, तो त्यांच्यात सामील झाला, आणि तो कुत्रा त्याचा. ज्यांना मक्केची वाट परवडत नव्हती अशा पिढ्यान् पिढ्या उइघुर भाविकांनी इथे येऊन नवस बोलले, चिंध्या बांधल्या, रात्र काढली.

मजारची ही गुहा मुळात बौद्ध असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. मला त्यात नवल वाटत नाही. जुन्नरजवळ लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला आपण जातो, तो गणपती बसला आहे तो बौद्ध विहारात. सभामंडपाच्या तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या अजून आहेत. कार्ल्याच्या चैत्याला लागूनच एकवीरेचे देऊळ आहे. जागा पवित्र आहे हे लोकांना आधी कळते. कोणासाठी पवित्र, हे नंतर ठरते. तुयोकला पाण्याच्या काठावर, थंड अंधारात, डोळे मिटून बसलेल्या माणसांची आठवण डोंगरात होती. ती पुसली गेली नाही, तिला नवी कथा मिळाली. भिक्षू ध्यानात बसले होते तिथे सात जण झोपले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपीय आले. ग्र्युनवेडेल आणि त्याच्यानंतर आल्बर्ट फॉन ल कॉक यांच्या जर्मन मोहिमांनी तुर्फान पिंजून काढले. तुयोकच्या एका कोठडीत ल कॉकला पोतेभर हस्तलिखिते मिळाली. तुर्फानच्या परिसरातून बर्लिनला गेलेल्या तुकड्यांत वीसेक भाषा आणि लिप्या आहेत : संस्कृत, सोग्दी, तोखारी, जुनी उइघुर, चिनी, सिरियाक. शेजारच्या बेझेक्लिक लेण्यांतली भव्य भित्तिचित्रे करवतीने कापून नेली गेली. त्यांतली सर्वांत मोठी दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर पडलेल्या बाँबमध्ये नष्ट झाली. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने कापलेली चित्रे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आली. ‘आम्ही वाचवली’ असे ल कॉकचे म्हणणे होते. काही अंशी ते खरे आहे. शेतकरी रंगीत माती खत म्हणून शेतात टाकत होते. पण जी चित्रे त्यांच्या भिंतीवरून उतरवली, ती आता कोणाच्याच ध्यानाला उपयोगी पडणार नाहीत, हेही तितकेच खरे.

आता पुन्हा पाण्याकडे येऊ. सपाटीवरच्या वस्त्यांना सुबेशीसारखे झरे नव्हते, म्हणून तुर्फानात करेझ खोदले गेले. पायथ्याशी विहिरींची रांग, आणि त्यांना जमिनीखालून जोडणारा बोगदा; उतारावर पाणी आपोआप गावापर्यंत येते, आणि सूर्य त्याला शोषू शकत नाही. एके काळी असे हजाराहून अधिक करेझ होते. मलिक अंबरने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बांधलेली नहर याच कुळातली. खोल बोअर आणि पंप आले तसे तुर्फानचे करेझ एकामागून एक आटत गेले. आपल्या नहरींची कथाही वेगळी नाही.

तुयोक-मजारला २००५ मध्ये चीनने ऐतिहासिक गावाचा दर्जा दिला. तिकिटे आली, फलक आले. पण गेल्या दहा वर्षांत शिनज्यांगमध्ये जे घडले ते बाजूला ठेवून या गावाबद्दल लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. लाखो उइघुर छावण्यांत डांबले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२२ च्या अहवालात, हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात, असे म्हटले. चीन हे आरोप फेटाळतो. खोतानजवळचा इमाम आसिमचा मजार, जिथे दर वर्षी हजारोंची जत्रा भरत असे, तो जवळजवळ भुईसपाट झाला आहे. शिनज्यांगभर फिरून मजारांच्या कथा, गाणी, नवस नोंदवून ठेवणाऱ्या विदुषी राहिले दावुत २०१७ च्या डिसेंबरमध्ये बेपत्ता झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याचे २०२३ मध्ये जगाला कळले. त्यांचा गुन्हा एवढाच दिसतो की आपल्या लोकांनी काय जपले आहे, ते त्यांनी लिहून ठेवले.

म्हणून कोणी तुयोकला जाणार असेल तर एक विनंती. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा, तेव्हा चुंचे भरलेले असतात. घळीतून वरपर्यंत चालत जा, लेण्यांच्या ओळी खालूनच शांतपणे पाहा. पण गावातल्या कोणालाही सरकारबद्दल, छावण्यांबद्दल, नमाजाबद्दल काही विचारू नका. तुम्ही दुसऱ्या दिवशी विमानात बसाल. उत्तराची किंमत त्याला मोजावी लागेल. त्याच्याकडून बेदाणे घ्या, सलाम करा आणि मांडवाखाली बसायला सांगितले तर बसा.